पक्षितीर्थाची गिधाडे आणि तीन मिलिलिटरची कुपी

दक्षिणयात्रेला निघालेल्या मराठी कुटुंबांच्या मुक्कामांत तिरुपती, कांची आणि रामेश्वर यांच्या जोडीने ‘पक्षितीर्थ’ हे नावही असे. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, चेंगलपट्टू शहराजवळ तिरुकळुकुंड्रम् नावाचे गाव आहे. यात्रेकरूंचे पक्षितीर्थ ते हेच. गावालगतच्या टेकडीवर वेदगिरीश्वराचे मंदिर आहे. पाचशेहून अधिक पायऱ्या चढून भाविक वर जात आणि माध्यान्हीची वाट पाहत बसत. पुजारी तूप घातलेला गोड भात घेऊन खडकावर येई, आणि थोड्याच वेळात आकाशातून दोन पांढरे पक्षी उतरून त्या नैवेद्याचा स्वीकार करीत. हे पक्षी म्हणजे शापित ऋषी असून ते काशीला गंगास्नान करून येथे भोजनास येतात व पुढे रामेश्वरास जातात, अशी कथा तेथे सांगितली जाई. काशीची गंगा रामेश्वराला वाहण्याची परंपरा असलेल्या मराठी भाविकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

पक्षिशास्त्राच्या दृष्टीने ती पांढऱ्या गिधाडांची जोडी होती. ज्या पक्ष्याचे नाव आपल्याकडे शिवीसारखे वापरले जाते, घरावर बसला तर अपशकुन मानला जातो, त्यालाच तेथे रोज पान वाढले जात होते, ही गोष्ट मोठी विलक्षण म्हणावी लागेल. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हे पाहुणे येईनासे झाले. पायऱ्या आहेत, मंदिर आहे, भाविकही आहेत, गिधाडे नाहीत. त्याच सुमारास काठमांडूपासून कराचीपर्यंत आणि ढाक्यापासून मुंबईपर्यंत गिधाडे नाहीशी होत होती. हे असे का झाले, याचा शोध एका देशाने लावला नाही व त्यावरचा उपायही एका देशाला करता आला नाही.

आकाश रिकामे झाले

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि बारीक चोचीचे अशा तीन जाती एकेकाळी गावोगावी, शहरोशहरी दिसत. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या बैलावर शे-दीडशे गिधाडे उतरली की तासाभरात केवळ हाडांचा सापळा उरे. त्यांच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडलेल्या मांसातील रोगजंतूही त्यात टिकत नाहीत. पगार नाही, पालिकेचे अंदाजपत्रक नाही, आणि काम मात्र चोख, अशी ही स्वच्छतेची व्यवस्था शतकानुशतके विनातक्रार चालू होती. जी सेवा फुकट मिळते तिची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नसल्याने ती बंद पडल्याचेही कोणाच्या लवकर ध्यानात आले नाही.

ध्यानात आले ते राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजेच बीएनएचएसचे, शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात तेथील गिधाडांची गणना केली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा त्याच झाडांखाली गेले, तेव्हा घरटी ओस पडलेली, फांद्यांवर माना टाकून बसलेले पक्षी आणि जमिनीवर त्यांची कलेवरे, असे दृश्य त्यांना दिसले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुढे संस्थेने देशभर ठरावीक रस्त्यांवर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी केलेल्या मोजणीची पुनरावृत्ती केली. २००७ पर्यंतच्या आकडेवारीनुसार पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ च्या तुलनेत ९९.९ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे जेथे हजार पक्षी होते तेथे एक उरला. उरलेल्या दोन जातींची घट मिळून सुमारे ९७ टक्के होती. इतक्या वेगाने एखादा मुबलक पक्षी नाहीसा होण्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार थोडी आहेत.

मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीच्या दख्म्यांत पारशी समाजाच्या अंत्यविधीची परंपरा गिधाडांवरच अवलंबून होती. पक्षी येईनासे झाल्यावर तेथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. खेड्यांत मेलेली जनावरे तशीच सडू लागली; त्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचे भय वाढले.

हा हिशेब पुढे अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९९३ ते २००६ या काळात वाढलेल्या कुत्र्यांमुळे सुमारे ४८ हजार जादा रेबीजमृत्यू झाले असावेत, असा अंदाज केला. २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या मान्यवर नियतकालिकात एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन यांनी अधिक व्यापक मोजणी केली. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती आणि ज्या जिल्ह्यांत ती मुळातच कमी होती, त्यांच्या मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. पहिल्या गटातील जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला आढळला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या हानीचे मूल्य त्यांनी वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर एवढे काढले. अशा अंदाजांत गृहीतके असतात आणि त्यांवर वाद होऊ शकतो, हे खरे. परंतु प्रश्न पक्षिप्रेमींच्या हौसेचा नाही, एवढे सिद्ध होण्यास हे आकडे पुरेसे आहेत.

सीमेपलीकडचा सुगावा

प्रारंभी सर्वांचा संशय एखाद्या संसर्गजन्य रोगावर होता. भारतातून कलेवरांचे नमुने परदेशी प्रयोगशाळांत पाठविण्यावर कायद्याचे कडक निर्बंध असल्याने तपास मंद गतीने चालला होता. त्याच वेळी सीमेपलीकडे, पाकिस्तानातील पंजाब प्रांतात, अमेरिकेची ‘पेरेग्रिन फंड’ ही संस्था आणि ‘ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी ऑफ पाकिस्तान’ यांनी मिळून गिधाडांच्या तीन वसाहतींवर पाळत ठेवली होती. ताजी कलेवरे मिळताच त्यांचे विच्छेदन केले जाई. बहुतेकांच्या यकृतावर, हृदयावर चुन्याचा हात फिरवावा तसा पांढरा थर दिसे. तो युरिक आम्लाचा होता. याचा अर्थ पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती.

विषाणू सापडेना, कीटकनाशक सापडेना. तेव्हा वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील डॉ. लिंडसे ओक्स यांच्या पथकाने प्रश्न उलटा विचारला: गिधाडे जे खातात त्या गुराढोरांना अलीकडे कोणते नवे औषध दिले जाऊ लागले आहे? गुरांच्या औषधांच्या दुकानांतून उत्तर मिळाले, डायक्लोफिनॅक. माणसांच्या सांधेदुखीवरचे हे परिचित वेदनाशामक १९९० च्या दशकात स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला सर्रास टोचले जाऊ लागले. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या पंचवीस गिधाडांच्या अवयवांची तपासणी झाली, तेव्हा पंचविसांतही हे औषध सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या गिधाडांत ते नव्हते. औषध टोचलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना खाऊ घातल्यावर तीही त्याच प्रकारे मेली. हा शोध २००३ साली बुडापेस्ट येथील शिकारी पक्ष्यांच्या जागतिक परिषदेत मांडला गेला आणि २००४ च्या प्रारंभी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारत व नेपाळमधील कलेवरांतही हाच पुरावा मिळाला आणि संशयाला जागा उरली नाही.

आता एक गणिती प्रश्न उरला. देशातील प्रत्येक गाय काही औषध टोचलेल्या अवस्थेत मरत नाही. मग हजारांतील नऊशे नव्व्याण्णव गिधाडे कशी मेली? ब्रिटनच्या ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी याचे उत्तर दिले. गिधाडे कळपाने जेवतात. एका जनावरावर पन्नास-शंभर पक्षी तुटून पडतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास चार-पाच वर्षे लागतात. अशा पक्ष्याचा एवढा ऱ्हास होण्यास, मेलेल्या १३० ते ७६० जनावरांमागे एकच विषारी असणे पुरेसे होते. म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. या हिशेबाचे व्यावहारिक तात्पर्य कठोर होते. औषधाचा वापर निम्म्याने किंवा नव्वद टक्क्यांनी घटवून काहीच साधणार नव्हते. तो जवळजवळ शून्यावर आणावा लागणार होता.

आणि तो एकाच देशात शून्यावर आणूनही भागणार नव्हते. नेपाळच्या तराईत उपग्रह-यंत्रे बसविलेली गिधाडे भारतात येऊन जेवतात व परत जातात, हे पुढे नकाशांवर स्पष्ट दिसले. एका देशाने बंदी घालावी आणि पक्ष्याने शेजारच्या देशात विषारी घास घ्यावा, असे झाले तर बंदी कागदावरच राहते. म्हणूनच २००४ च्या फेब्रुवारीत काठमांडू येथे संबंधित देशांचे प्रतिनिधी व संस्था एकत्र आल्या आणि सर्वत्र बंदीची मागणी पुढे आली.

शेतकऱ्याच्या हातात काय द्यायचे

केवळ बंदी मागणे सोपे असते. परंतु ज्या शेतकऱ्याचे सारे भांडवल गोठ्यात उभे आहे, त्याची गाय वेदनेने विव्हळत असताना ‘औषध नको’ असे त्याला कोण सांगणार? पर्याय हवा होता, आणि पर्याय शोधायचा तर पुन्हा गिधाडांवरच प्रयोग करणे भाग होते. जी जात नामशेष होण्याच्या काठावर आहे तिच्यावर प्रयोग कसे करावेत, हा पेच होता.

येथे आंतरराष्ट्रीय सहकार्याचा खरा उपयोग झाला. प्रथम जगभरातील प्राणिसंग्रहालयांना व पक्षी-रुग्णालयांना पत्रे पाठवून, आजारी शिकारी पक्ष्यांना कोणती वेदनाशामके दिली व त्यांचे काय झाले, याची माहिती गोळा करण्यात आली. ‘मेलॉक्सिकॅम’ हे औषध शेकडो पक्ष्यांना दिले गेले होते व त्यामुळे पक्षी मेल्याचे आढळले नव्हते. मग दक्षिण आफ्रिकेत, तुलनेने विपुल असलेल्या आफ्रिकी गिधाडांवर प्रिटोरिया विद्यापीठातील तज्ज्ञांनी काळजीपूर्वक चाचण्या घेतल्या. त्या यशस्वी झाल्यावरच भारतातील मोजक्या गिधाडांवर औषध वापरून पाहण्यात आले. २००६ च्या प्रारंभी हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारत, नेपाळ व पाकिस्तान या तिन्ही देशांनी डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदीची पावले उचलली. बांगलादेशाने २०१० साली त्यांचे अनुकरण केले. ज्या शेजाऱ्यांचे क्वचितच एखाद्या प्रश्नावर एकमत होते, त्यांचे गिधाडांवर झाले, हे नमूद करण्यासारखे आहे.

कुपीचा आकार आणि चेन्नईचे न्यायालय

बंदी झाली, तरी औषध थांबले नाही. २००७ ते २०१० या काळात संशोधकांनी अकरा राज्यांतील अडीचशेहून अधिक औषध दुकानांत सामान्य गिऱ्हाईक म्हणून जाऊन गुरांसाठी वेदनाशामक मागितले. सुमारे एक-तृतीयांश दुकानांत डायक्लोफिनॅक हाती ठेवण्यात आले. त्यांतील पुष्कळ बाटल्यांवर ते माणसांसाठी असल्याचे छापले होते.

यातील मेख समजून घेण्यासारखी आहे. माणसाला या इंजेक्शनची एक मात्रा तीन मिलिलिटर लागते. बाजारात मात्र तीस मिलिलिटरच्या कुप्या विपुल मिळत. एका माणसासाठी दहा मात्रांची कुपी कशाला हवी? रुग्णालयांची सोय, असे उत्तर दिले जाई. प्रत्यक्षात ही कुपी एका गाईच्या किंवा म्हशीच्या उपचारास नेमकी पुरत असे. कायद्याने पुढचे दार बंद केले होते. मागचे सताड उघडे होते.

गिधाडांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आपले लक्ष या कुपीवर केंद्रित केले. त्यांचा युक्तिवाद साधा होता: माणसांचे औषध बंद करू नका, फक्त कुपी लहान करा. तीन मिलिलिटरच्या कुप्यांनी गाईवर उपचार करायचे तर एकामागून एक कितीतरी कुप्या फोडाव्या लागतील. खर्च वाढेल, कटकट वाढेल, आणि शेजारी ठेवलेले मेलॉक्सिकॅम आपोआप स्वस्त व सोयीचे ठरेल. केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये तशी अधिसूचना काढली. मानवी वापराचे डायक्लोफिनॅक इंजेक्शन यापुढे केवळ एका मात्रेच्या कुपीतच विकता येणार होते.

या अधिसूचनेला औषध कंपन्यांनी मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यामुळे नेपाळच्या तराईपासून निलगिरीपर्यंतच्या गिधाडांचे भवितव्य काही काळ चेन्नईतील एका खटल्याशी बांधले गेले. निर्बंध रद्द झाला असता तर मोठ्या कुप्या पुन्हा देशभर खुल्या झाल्या असत्या. आणि भारत व नेपाळ यांच्यातील सीमा खुली असल्याने त्या भारतापुरत्या राहिल्या असत्या असेही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळून निर्बंध कायम ठेवला. त्याच महिन्यात मनिला येथे स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराची परिषद भरली होती. आफ्रिका, युरोप व आशियातील पंधरा जातींच्या गिधाडांसाठी सव्वाशेहून अधिक देशांना लागू होणारी कृती-योजना तीत संमत झाली. मनिलातील ठरावाची वार्ता जगभर गेली, चेन्नईतील निकालाची तुलनेने थोडी. तरीही गिधाडाच्या पोटात काय जाते, यावर प्रत्यक्ष परिणाम कशाचा अधिक झाला असेल, याबद्दल फारशी शंका नसावी. मनिलाचा ठराव दिशा दाखवितो. कुपीचा निर्बंध दुकानदाराच्या फळीपर्यंत पोहोचतो.

कामाची वाटणी

ही लढाई दीर्घ पल्ल्याची आहे हे ओळखून २०११ साली ‘सेव्हिंग एशियाज व्हल्चर्स फ्रॉम एक्स्टिंक्शन’ ही संघटना, थोडक्यात ‘सेव्ह’, स्थापन झाली. भारताची बीएनएचएस, ‘बर्ड कन्झर्व्हेशन नेपाळ’, नेपाळचाच ‘नॅशनल ट्रस्ट फॉर नेचर कन्झर्व्हेशन’, आणि ब्रिटनमधील दोन संस्था हे तिचे संस्थापक सभासद होत. पुढे पाकिस्तान व बांगलादेशातील संस्थाही तीत आल्या. तिच्या रचनेत एक शहाणपण आहे. कोणतीही संस्था दुसरीच्या वर नाही. ज्याला जे येते ते त्याने करावे. औषधाचा अंश मोजणारी यंत्रे ज्या विद्यापीठाकडे आहेत त्याने नमुने तपासावेत, पिंजऱ्यातील पैदाशीचा अनुभव ज्याला आहे त्याने तो शिकवावा, आणि गावातील पशुवैद्यकाशी बोलण्याचे काम तेथील भाषा जाणणाऱ्याने करावे. २०१२ साली दिल्लीत भारत, नेपाळ, पाकिस्तान व बांगलादेश यांच्या शासनांनीही गिधाडांसाठी संयुक्त घोषणापत्र स्वीकारले.

हरियाणातील पिंजोर येथे २००१ साली ब्रिटिश साहाय्याने गिधाड शुश्रूषा केंद्र सुरू झाले होते. त्याचेच पुढे ‘जटायू’ संवर्धन प्रजनन केंद्र झाले. या कामास प्रारंभी विरोधही झाला. रानात उरलेले मूठभर पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा कसला बचाव, असा आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु औषध बाजारात असेपर्यंत बाहेरचे आकाशच विषारी होते. बियाणे सुरक्षित ठेवण्यासारखा तो प्रकार होता. पेरणीची वेळ पुढे येणार होती.

नेपाळने ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ ही कल्पना जोमाने राबविली. सुमारे शंभर किलोमीटर त्रिज्येच्या प्रदेशातून घातक औषधे हद्दपार करावयाची, पशुवैद्यक व दुकानदार यांना विश्वासात घ्यावयाचे, म्हाताऱ्या जनावरांना आयुष्यभर सांभाळून मृत्यूनंतर त्यांचे निर्विष मांस गिधाडांना घालावयाचे, अशी ही पद्धत आहे. तेथील पश्चिम तराईतील गणनेत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पुन्हा वाढू लागल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले.

निलगिरी ते ताडोबा

चेन्नई ज्या राज्याची राजधानी आहे त्या तामिळनाडूत गिधाडांचा शेवटचा मोठा आसरा आहे तो निलगिरीच्या पायथ्याशी, मोयार नदीच्या खोऱ्यात. मुदुमलाई आणि सत्यमंगलम् यांच्यामध्ये पसरलेल्या या खोऱ्यातील नदीकाठच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. कोईमतूरची ‘अरुळगम’ ही संस्था तेथील गावांतून, गुरांच्या दवाखान्यांतून आणि औषध दुकानांतून दीर्घकाळ काम करीत आली आहे. ‘सेव्ह’शीही ती जोडलेली आहे. २०२२ साली तामिळनाडू सरकारने गिधाड संवर्धनासाठी राज्यस्तरीय समिती नेमली. मोयार खोरे ओलांडले की कर्नाटक आणि केरळ लागतात. तेव्हा राष्ट्रांच्या सीमेवर जो धडा मिळाला तोच राज्यांच्या सीमेवर गिरविण्यात आला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तिन्ही राज्यांनी एकाच वेळी गणना केली. २४६ गिधाडे मोजली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरातील गणनेत हा आकडा ३२० झाला. अनुभवी निरीक्षकांची संख्या वाढली की आकडा वाढतो, हे ध्यानात घेऊनही या नोंदी दिलासा देणाऱ्या आहेत.

महाराष्ट्रातही रायगड जिल्ह्यातील चिरगावसारख्या गावांनी गिधाडांची घरटी असलेली झाडे राखली आहेत. २०२४ साली पिंजोरच्या केंद्रात वाढलेली काही गिधाडे ताडोबा व पेंच येथे आणून, पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवून मोकळी सोडण्यात आली. वर उल्लेखिलेल्या पेरणीचाच हा एक भाग. त्यांतील ‘एन-११’ या क्रमांकाचे एक गिधाड ताडोबाहून निघाले आणि अनेक राज्यांवरून सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास करीत तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात जाऊन पोहोचले. हरियाणातील केंद्र, महाराष्ट्राचे रान आणि तामिळनाडूचे माळ या एकाच पक्ष्याच्या पंखांखालून गेले. पुदुकोट्टईपासून रामेश्वर फार दूर नाही.

एक औषध गेले, दुसरे आले

डायक्लोफिनॅकची जागा सर्वत्र मेलॉक्सिकॅमनेच घेतली असती तर प्रश्न संपला असता. तसे झाले नाही. केटोप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड अशी अन्य वेदनाशामके गुरांसाठी विकली जाऊ लागली. एसिक्लोफिनॅकचे तर जनावराच्या शरीरात जाताच डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होते. म्हणजे नाव बदलून तेच विष परत आले. केटोप्रोफेन गिधाडांना मारते हे दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगांत सिद्ध झाले होते. यावर देशव्यापी बंदी घालणारा पहिला देश होण्याचा मान २०२१ साली बांगलादेशाने मिळविला. भारताने केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावर जुलै २०२३ मध्ये बंदी घातली. निमेसुलाइडवरील बंदी २०२४ च्या अखेरीस आली. दर वेळी पुरावा आणि बंदी यांच्यामध्ये कितीतरी वर्षे गेली, ही खेदाची बाब आहे. पण याबाबतीत केवळ आशियाला दोष देता येणार नाही. भारतातील सारा इतिहास डोळ्यांसमोर असताना स्पेनने २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली, आणि पुढे तेथे एका तरुण काळ्या गिधाडाच्या मृत्यूचे कारण तेच औषध असल्याचे सिद्ध झाले.

दरम्यान बरेलीजवळील इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेतील व बीएनएचएसमधील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह ‘टोल्फेनॅमिक आम्ल’ या आणखी एका औषधाच्या चाचण्या केल्या. ते गिधाडांना सुरक्षित असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. गाय-म्हैस आजारी पडली तर पशुवैद्यकाकडून लिहून घेता येतील अशी गिधाडांना अपाय न करणारी, तपासून पाहिलेली दोन वेदनाशामके आज उपलब्ध आहेत: मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल. ही दोन्ही नावे गुरांच्या दवाखान्यात आणि औषध दुकानात देवनागरीत लिहून दाखविली तरी चालतात.